नागपूरकडील गाळाचे व लाव्ह्याचे खडक : एका पाहणीचा वृत्तांत

(१)

गेल्या माघ महिन्यांत भूशास्त्राच्या कांहीं विद्यार्थ्यांबरोबर नागपूर व वरोरा या बाजूस दोन दिवस हिंडण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. विद्यार्थी सुमारें वीस होते. त्यांचे अध्यापक पूर्वीं माझ्याजवळ शाळेंत संस्कृत शिकलेले. ते म्हणाले, “गुरुजी, आपण जन्मभर पोथ्यांचीं पानें लावीत आलांत. आमचींहि पानें एकदां पाहा.” आग्रह मोडवेना म्हणून गेलों, आणि गेल्याचें समाधान झालें.

दगडांची विद्या माझी नव्हे. परंतु कोणतें आधीं आणि कोणतें मागून, हें ठरविण्याची जी रीत त्या दोन दिवसांत पाहिली, ती हस्तलिखितें जमविणाऱ्या व तपासणाऱ्या आपल्या वाचकांस परकी वाटणार नाहीं. उलट कांहीं बाबतींत ती आपल्या रीतीहून अधिक काटेकोर आहे, असें मला दिसलें. तिचें सार असें कीं, खडकाचें पौर्वापर्य त्याच्या अंगावरून जितकें कळतें त्याहून अधिक, दोन खडक जेथें एकमेकांस भिडतात त्या सांध्यावरून कळतें. हें कसें, तें पाहिलेल्या क्रमानेंच सांगतों.

(२)

पहिल्या दिवशीं सकाळीं आम्ही कामठीजवळ सिलेवाड्याच्या बाजूस गेलों. येथील दगड वालुकाश्म, म्हणजे रेतीचा दगड होय. नदीनें वाहून आणिलेली रेती थरावर थर बसून, दाबली जाऊन व मधल्या फटींत शिरलेल्या द्रव्यांनीं सांधली जाऊन हा दगड होतो. रंग कोठें पिवळट, कोठें विटकरी. बोटानें चोळलें असतां कण सुटतात. भूशास्त्रज्ञ या खडकांच्या समूहास कामठी हेंच नांव देतात. त्याचें वय सुमारें पंचवीस कोटी वर्षें धरितात.

अध्यापकांनीं मुलांस पहिलाच प्रश्न असा घातला कीं, या थराची वरची बाजू कोणती? मला हा प्रश्न बालिश वाटला. आकाशाकडची ती वरची, यांत विचारावयाचें काय? पण तसें नाहीं. भूकंपांनीं व जमिनीच्या हालचालींनीं थर कलतात, उभे राहतात, क्वचित् पालथेहि पडतात. सुटें पान हातीं आलें म्हणजे त्याची पुढची बाजू कोणती व पाठ कोणती हें आपणांस आधीं ठरवावें लागतें, तसेंच हें. मुलांनीं भिंग लावून व बोटें फिरवून उत्तर शोधलें. वालुकाश्माच्या मोठ्या थराच्या पोटांत बारीक तिरप्या रेघा असतात. प्रवाह रेतीचा उंचवटा पुढें पुढें ढकलीत असतां त्या पडतात. खालच्या टोकास त्या हळूंच वळून थराच्या तळाशीं मिळतात. वरच्या टोकास मात्र त्या एकदम छाटल्यासारख्या दिसतात, कारण नंतरच्या प्रवाहानें त्यांचे शेंडे खरडून नेलेले असतात. जिकडे रेघा छाटलेल्या, ती वरची बाजू. शिवाय रेघांचा उतार जिकडे, तिकडे पाणी वाहत होतें, हेंहि त्यावरून समजतें. नदी गेली, तिचें नांव कधीं कोणी ठेविलें नव्हतें, आणि ती कोणीकडे वाहत होती हें एक अठरा वर्षांची मुलगी होकायंत्र लावून वहींत टिपीत होती.

याच खडकांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे सांपडतात. त्या वनस्पतीचें ग्लॉसोप्टेरिस हें नांवहि जीभ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच बनलें आहे. अशींच पानें आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण ध्रुवाकडील खंड येथेंहि सांपडलीं, आणि हे सर्व भूभाग एके काळीं एकत्र होते या सिद्धांतास त्यांचा मोठा आधार मिळाला. त्या प्राचीन महाखंडास गोंडवन हें नांव पडलें तें मध्य हिंदुस्थानांतील गोंडांच्या प्रदेशावरून. नागपूरकडून जमविलेल्या अशा वनस्पतींचें वर्णन बनबरी यानें १८६१ सालीं प्रसिद्ध केलें. ते नमुने जमविणारा स्टीफन हिस्लॉप हा होता. त्याची गांठ पुढें पुन्हा पडणार आहे.

(३)

दुपारीं शहराकडे परतलों. वाटेंत सीताबर्डीची टेकडी दिसली. वाचकांस ती १८१७ च्या नोव्हेंबरांतील आप्पासाहेब भोसले व इंग्रज यांच्या लढाईमुळें माहीत आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यांत असून तो वर्षांतील ठराविक दिवशींच लोकांस खुला असतो; म्हणून त्याची रचना अध्यापकांनीं रस्त्यावरूनच समजाविली. टेकडीच्या तळाशीं अतिप्राचीन स्फटिकमय खडक आहे. त्यावर गाळाचा एक थर आहे. त्यास नर्मदेवरील लमेटा घाटावरून लमेटा थर म्हणतात. त्याच्यावर काळा कातळ. पोथींत बाराव्या पानामागून एकदम चाळिसावें पान यावें तसा हा प्रकार आहे. लमेटा थर कोठें कामठीच्या वालुकाश्मावर टेकलेला दिसतो, कोठें त्याहून पुष्कळ जुन्या खडकावर. वालुकाश्मावर टेकला असला तरी मधल्या सुमारें अठरा कोटी वर्षांचा हिशेब तेथें नाहीं. तीं पानें एक तर लिहिलींच गेलीं नाहींत, किंवा लिहिलेलीं पावसापाण्यानें पुसून नेलीं. ही तूट ज्या रेषेवर दिसते ती रेष नीट टिपणें हें पाहणीचें एक मुख्य काम असतें.

वरचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. सह्याद्रीचे कडे, हेमाडपंती देवळांचे चिरे, वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं हीं सर्व याचींच. जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून तप्त लाव्हारस वर आला, दूरवर पसरला व थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. पायऱ्यांसारखे दिसणारे डोंगर त्यामुळेंच झाले. युरोपियन लोकांनीं यास ट्रॅप म्हटलें तेंहि पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. आजमितीस हा कातळ सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. महाबळेश्वराच्या बाजूस त्याची जाडी एक किलोमीटरहून अधिक दिसते. नागपूर हें त्याच्या पूर्वेकडील काठावर असल्यामुळें येथें तो पातळ आहे, आणि म्हणूनच त्याच्या खालचें व मधलें येथें पाहावयास मिळतें.

(४)

पाहणीचा खरा गाभा टाकळी व गिट्टीखदान या बाजूस होता. गिट्टीखदान हें नांवच खाणीवरून पडलेलें. आज ही सर्व वस्ती शहरांत आली आहे. जुन्या पुस्तकांत वर्णिलेल्या बहुतेक जागांवर घरें झालीं. एका सोडलेल्या खाणीच्या कडेस दोन पुरुष उंचीचा उभा कापा शिल्लक होता, तेथें आम्ही उभे राहिलों.

खालीं काळा कातळ, वर काळा कातळ, आणि दोहोंच्या मध्यें फिकट हिरवट-पांढऱ्या गाळाची एक पट्टी : कोठें हातभर, कोठें वीतभर. तिच्यांत गारगोटीसारख्या कठीण झालेल्या ढेपा होत्या, आणि त्यांत गोड्या पाण्यांतील लहान गोगलगाईंचे शंख भरलेले. या जातीस शास्त्रज्ञांनीं फायसा प्रिन्सेपी असें नांव दिलेलें होतें. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणाऱ्या जेम्स प्रिन्सेपचें जें आडनांव तेंच त्यांत गुंफलेलें पाहून आपल्या वाचकांस बरें वाटेल. हा शंख शेंडा वर करून धरला तर त्याचें तोंड डावीकडे येतें, आणि शेंडा खालीं केला म्हणजे तेंच उजवीकडे येतें. आपण ज्यास दक्षिणावर्ती शंख म्हणतों त्याची ठेवण हीच. समुद्रांतील शंखांत ती दुर्मिळ म्हणून मोलाची. येथें मात्र खाणीच्या कडेस दक्षिणावर्ती शंखांची रासच पडली होती.

याच टाकळीच्या थरांतून हिस्लॉप व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शंख, फळें, बिया, मासे, एवढेंच काय पण भुंगेऱ्यांच्या पंखांचीं कवचेंहि शोधून काढलीं. हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आलेला स्कॉटिश मिशनरी. त्याच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला तो प्रत्येक पोथी-संशोधकाच्या ओळखीचा आहे. गाळाची पट्टी मध्यें, वर व खालीं लाव्हा. तर लिहिण्याचा क्रम कोणता?

हिस्लॉपचें मत असें पडलें कीं, आधीं एका सरोवरांत गाळ सांचला. मग त्यावर वरचा लाव्हा पसरला. आणि खालचा लाव्हा हा सर्वांत मागाहून जमिनींतून वर येऊन गाळाच्या खालीं घुसला. म्हणजे खालची ओळ ही मागून घातलेला प्रक्षेप. हें मत वेडगळ नव्हतें. लाव्हा खडकांच्या फटींत असा घुसतो, हें खरेंच आहे. परंतु १८६० च्या दशकांत सरकारी भूशास्त्र खात्यांतील विल्यम ब्लॅनफर्ड यानें मोठा प्रदेश हिंडून दाखविलें कीं, येथें तसें झालेलें नाहीं. लाव्ह्याचे पुष्कळ थर एकामागून एक आले, आणि दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीच्या काळांत खळग्यांत तळीं सांचून त्यांत हा गाळ बसला. जें खालीं तेंच आधीं.

अध्यापकांनीं हा वाद मुलांस आधीं सांगितला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, “खालचा कातळ मागून आला, असें कोणी म्हटलें तर काय उत्तर द्याल? दगडाकडे बोट दाखवून बोला.”

उत्तरें मिळण्यास तासभर लागला. तीं सर्व सांध्यांतून मिळालीं. पहिलें असें कीं, तप्त रस ज्यास स्पर्श करील त्यास भाजील. गाळाच्या पट्टीची वरची कड कठीण व तांबूस होती. खालची कड मऊच होती. खालचा लाव्हा मागून घुसता तर खालची कडहि भाजली असती. दुसरें, लाव्ह्याचा प्रवाह उघड्यावर थिजतो तेव्हां त्यांतील वायु वर येऊन माथ्याशीं बुडबुडे धरितात. खालच्या कातळाचा माथा अशा पोकळ्यांनीं भरला होता, आणि त्या पांढऱ्या स्फटिकांनीं बुजल्या होत्या. तिसरें, तो माथा पावसापाण्यानें कुजून त्याचा मुरूम झाला होता. जमिनीच्या पोटांत घुसलेल्या रसास ऊन-पाऊस कोठून लागणार? चौथें उत्तर एका मुलानें गुडघ्यावर बसून काढलें, आणि तें सर्वांत निर्णायक होतें. गाळाच्या तळाशीं त्याच खालच्या काळ्या कातळाचे झिजलेले लहान खडे रुतलेले होते. ज्याचे तुकडे दुसऱ्याच्या पोटांत सांपडतात, तो त्याच्या आधींचा असलाच पाहिजे. एका ग्रंथांत दुसऱ्याचे श्लोक उद्धृत केलेले आढळले म्हणजे आपण जो निर्णय करितों तोच हा.

येथें मला हिस्लॉपविषयीं कमी आदर वाटला नाहीं. त्यानें मत चुकीचें बांधलें. पण कोणती वस्तु कोणत्या गांवच्या कोणत्या थरांतून आली हें त्यानें नोंदून ठेविलें, म्हणून त्याचें मत पडलें तरी त्याचा संग्रह उभा राहिला.

(५)

पौर्वापर्य ठरलें म्हणजे काल ठरला असें नव्हे. पोथी आधींची कीं नंतरची हें एक, आणि तिचा शक कोणता हें निराळें. या कातळाच्या कालनिर्णयाचा वाद शंभर वर्षांहून अधिक चालला. बिरबल साहनी यांनीं अशाच मधल्या थरांतील, गारगोटी झालेल्या वनस्पतींचा अभ्यास करून १९३४ सालीं, हे लाव्हे पूर्वीं मानीत त्यापेक्षां अर्वाचीन असावेत असा पक्ष मांडला. पुढें खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयावरून वर्षें मोजण्याची पद्धति निघाली, आणि थिजतेवेळीं खडकांत उमटलेली पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा वाचतां येऊं लागली. आज या उद्रेकांचा मुख्य काल सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वींच्या सुमाराचा ठरला आहे, आणि कातळाचा फार मोठा भाग दहा लक्ष वर्षांच्या आंतबाहेरच्या अवधींत सांचला असें मानितात. डायनोसॉर नांवाचे प्रचंड सरपटणारे प्राणी पृथ्वीवरून नाहींसे झाले तो काळ हाच. म्हणजे दोन युगांच्या सीमेवर हा कातळ पडला आहे, आणि दोन्ही पक्षांच्या विद्वानांस आपापल्या बाजूचा पुरावा दिसला यांत नवल नाहीं.

(६)

दुसऱ्या दिवशीं वरोऱ्याकडे पिसदुरा येथें गेलों. जुन्या इंग्रजी लेखांत या गांवाचें नांव पिजदुरा असें येतें. हीं दोन गांवें नव्हेत, एकच; जुने कागद वाचणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. येथें काळ्या कातळाच्या खालचे लमेटा थर उघडे पडले आहेत. शेताच्या बांधावरून चालतांना तांबड्या मातींत कठीण, गोलसर, करड्या रंगाचे गोळे दिसतात. गुराखी त्यांस दगड समजून ढोरांमागें फेंकतो. वास्तविक तें शिलाभूत शेण आहे.

हाडें व हे गोळे या गांवाहून हिस्लॉपनेंच प्रथम जमविले. १९३९ सालीं मॅटली यानें या शेणावर स्वतंत्र लेख लिहिला. जवळच्या डोंगरगांवीं लांब मानेच्या एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा बराचसा सांगाडा सांपडला; त्याचें वर्णन १९९७ सालीं प्रसिद्ध झालें व २००३ मध्यें त्यास इसिसॉरस हें नांव मिळालें. परंतु विद्वज्जगतास अधिक चकित केलें तें शेणानेंच. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत हे गोळे तपासतां गवताच्या निदान पांच प्रकारांचे, काचेसारखे अतिसूक्ष्म कण आढळले. तोंवर समज असा होता कीं, गवत हें डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर पुष्कळ काळानें पसरलें. पिसदुऱ्याच्या शेणानें तो मोडला. भाताच्या कुळाशीं नातें सांगणारें गवतहि त्यांत होतें. ज्या वस्तूस कोणी हात लावला नसता ती शंभर-दीडशें वर्षांनीं साक्षीस उभी राहिली, आणि तिची साक्ष मानली गेली, कारण ती कोणत्या थरांतली हें निःसंशय ठाऊक होतें.

(७)

संध्याकाळीं वरोऱ्यास मुलांनीं आपापल्या पिशव्या उघडल्या. प्रत्येक नमुन्यावर अंक, वहींत त्याच अंकापुढें गांव, थर, वर-खालची बाजू व तारीख. एका विद्यार्थ्याजवळ सर्वांत देखणा तुकडा निघाला : तळहाताएवढी गारगोटी, तींत अकरा शंख, एकहि न फुटलेला. अंक मात्र नव्हता. टाकळीच्या खाणींत पट्टींतून उचलला कीं खालच्या मलब्यांतून, कीं वाटेंत दुसऱ्या ढिगांतून, हें त्यास सांगतां येईना. अध्यापकांनीं तो सौम्यपणें परत दिला. म्हणाले, “घरीं ठेव. शोभेचा आहे. संग्रहांत घेतां येणार नाहीं.” मुलाचें तोंड उतरलें. रात्रीं जेवतांना तो कोणाशीं बोलला नाहीं.

मीहि फारसा बोललों नाहीं. त्याचें कारण या निमित्तानें येथें नमूद करणें मी कर्तव्य समजतों. चाळीस वर्षांपूर्वीं वर्धेकडील एका गांवीं एका वृद्ध गृहस्थांनीं मला माळ्यावरचे दोन रुमाल दाखविले. दोहोंत पोथ्या होत्या. मीं उत्साहानें दोन्ही एकदम सोडले, पानें ओसरीवर पसरलीं, आणि वारा सुटला तसा घाईनें सर्व एकाच रुमालांत बांधलीं. घरीं येऊन पाहतों तों एक पुष्पिकेचें पान सुटें : शक, तिथि व लेखकाचें नांव स्पष्ट. दोन पोथ्या एकाच हातच्या, एकाच मापाच्या कागदावरच्या, दोहोंचाहि शेवट खंडित. तें पान त्यांतल्या कोणत्या पोथीचें, हें मला ठरवितां आलें नाहीं. पान कोणत्या रुमालांतून निघालें एवढें ठाऊक असतें तरी पुरें होतें. पुन्हा गेलों तेव्हां ते गृहस्थ वारले होते व घर पडलें होतें. तें पान अजून माझ्याजवळ निराळ्या पाकिटांत आहे. त्यावर शक आहे, आणि त्याचा कोणास उपयोग नाहीं. खाणींत त्या मुलानें जें केलें तेंच मीं ओसरीवर केलें होतें. फरक इतकाच कीं, मला परत देणारें कोणी नव्हतें.

हिस्लॉपचा शेवट आपल्या वाचकांस विशेष जवळचा वाटेल. १८६३ च्या सप्टेंबरांत तो नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास गेला होता. परततांना रात्रीं पूर आलेल्या ओढ्यांत तो घोड्यासह सांपडून बुडाला. वय पुरें सेहेचाळीसहि नव्हतें. गोंड व इतर लोकांविषयींचीं त्याचीं टिपणें रिचर्ड टेंपल यानें १८६६ सालीं छापून काढलीं. माणूस अकस्मात् गेला असतांहि त्याचें काम दुसऱ्याच्या हातीं जाऊं शकलें, याचें श्रेय त्याच्या नोंदींस आहे. आपल्यापैकीं किती जणांचे संग्रह आपल्यामागें असे बोलतील, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

शेवटीं दोन विनंत्या. पहिली अशी कीं, अनेक संग्राहकांच्या कपाटांत पोथ्या-नाण्यांबरोबर दगड झालेले शंख, पानें, लांकडाचे तुकडे असतात. ते कोणत्या गांवीं, कोणत्या विहिरींत अथवा खाणींत, किती खोलीवर सांपडले हें ज्यांस अद्याप आठवतें त्यांनीं तें आजच लिहून त्या वस्तूबरोबर ठेवावें. दुसरी पोथ्यांविषयीं. रुमाल सोडण्यापूर्वीं त्याचा क्रम टिपावा. कोणतें पान कोणाच्या वर होतें व कोणाच्या खालीं, हें लिहिल्याशिवाय एकहि पान हलवूं नये. मजकूर मागून केव्हांहि वाचतां येतो. सांधा एकदां मोडला म्हणजे तो पुन्हा वाचावयास मिळत नाहीं.